किल्ल्याची माती आणि रणगाड्याचे पट्टे : ठाणे–कल्याण–डोंबिवलीतील प्रतिकृती-देखाव्यांचा इतिहास

१९६५ च्या भारत–पाकिस्तान युद्धाला साठ वर्षे पूर्ण झाली त्याच २०२५ सालच्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. रणगाडा आणि किल्ला यांना एकाच स्मरणिकेत जागा मिळावी असा हा योग असून ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांच्या दृष्टीने त्याला विशेष अर्थ आहे. कारण लष्करी वाहनांच्या लहान प्रतिकृती घडवून त्यांचे देखावे मांडण्याचा जो छंद आज येथे दिसतो, त्याचे मूळ परदेशी बनावटीच्या प्लास्टिक संचांत जितके आहे, त्याहून अधिक ते दिवाळीत अंगणात बांधल्या जाणाऱ्या मातीच्या किल्ल्यात आहे.

प्रस्तुत लेखात जिचा इतिहास मांडला आहे त्या संस्थेला घटना नाही, नोंदणी क्रमांक नाही, कार्यालय नाही आणि माजी अध्यक्षांच्या तसबिरींची रांगही नाही. वारी किंवा जत्रा यांना ज्या अर्थाने संस्था म्हटले जाते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रीतीने, अनेकांनी मिळून करावयाचे काम, त्या अर्थाने ही संस्था आहे. तिच्या संस्थापकांची नावे द्यावयाची तर गल्लीतील प्रत्येक घराचे नाव द्यावे लागेल. म्हणून येथे श्रेय सर्वांना मिळून दिले आहे. कोणत्या वाडीचा किल्ला मोठा, पहिले बक्षीस खरे कोणाचे, देखाव्याची वर्गणी कोणाकडे राहिली, अशा कुरबुरी प्रत्येक दशकात झाल्या. परंतु त्यांमुळे काम कधी थांबले नाही, म्हणून त्यांचा तपशील येथे घेतलेला नाही.

‘देखावा’ हा शब्द या लेखात ‘डायोरामा’ या अर्थाने वापरला आहे. पॅरिसमध्ये १८२२ साली लुई दाग्यूर यांनी सुरू केलेल्या चित्रगृहात प्रकाशाची योजना पालटून भव्य चित्रातील दृश्य जिवंत भासवले जात असे. त्या खेळाला डायोरामा हे नाव प्रथम मिळाले, आणि पुढे वस्तुसंग्रहालयांतून ‘जमिनीच्या एका तुकड्यावर लहान वस्तू मांडून दाखवलेला प्रसंग’ असा त्याचा अर्थ स्थिरावला. मराठी समाजाला गणेशोत्सवातील आरास आणि दिवाळीचा किल्ला यांमुळे ही कल्पना परक्या शब्दावाचूनच अवगत होती.

पूर्वपीठिका : १९५० पर्यंत

या परिसरातील मुलांना किल्ल्याची कल्पना पुस्तकातून घ्यावी लागली नाही. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधावयास घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला ठाण्याचा किल्ला पुढे कारागृह म्हणून वापरात राहिला. १६५७ मध्ये कल्याण–भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर ज्या खाडीत मराठी आरमाराची सुरुवात झाली, तिच्या काठावर दुर्गाडी उभा आहे. आणि कल्याणच्या दक्षिणेला मलंगगडाचा सुळका उघड्या हवेत सहज दिसतो.

दिवाळीच्या किल्ल्याची रचना साधी असली तरी तिच्यात बांधकामाचे पक्के ज्ञान आहे. आधी दगड आणि विटा एकमेकांवर रचून डोंगराचा सांगाडा उभा करतात. मग जुने गोणपाट मातीच्या दाट काल्यात बुडवून, जरासे निथळून, त्या सांगाड्यावर असे टाकतात की त्याच्या आपोआप पडणाऱ्या चुण्या घळी आणि सोंडा होतात. ज्याने गोणपाट ताणून बसवले त्याचा डोंगर उलटी घातलेली टोपली दिसतो, हे पहिल्या वर्षीच कळते. गोणपाट ओले असतानाच त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात, म्हणजे तीन-चार दिवसांत, नेमके लक्ष्मीपूजनाच्या सुमारास, हिरवळ उगवते. तटाला काव, पायऱ्यांना काड्यापेटीच्या काड्या, तळ्याला आरशाचा तुकडा, गुहेत वाघ, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज आणि वाटांवर कुंभाराकडून आणलेले मावळे, अशी मांडणी होते. पाऊस नुकताच सरलेला असतो, माती हाताला लागते, शाळेला सुटी असते. या तिन्ही गोष्टी कार्तिकाच्या तोंडावरच एकत्र येत असल्याने हा उद्योग दिवाळीला धरून राहिला.

लष्करी वाहनांची ओळख मात्र या भागाला दुसऱ्या महायुद्धाने करून दिली. कल्याणजवळ ब्रिटिश सरकारने मोठी लष्करी छावणी वसवली होती, जिला लोक ‘कल्याण कॅम्प’ म्हणत आणि जिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळून १९४९ साली उल्हासनगर हे नगर नावारूपाला आले; जवळच नेवाळीला युद्धकालीन धावपट्टी होती. जीप, तीनटनी ट्रक आणि ताडपत्र्यांखालच्या तोफा यांचे रूप येथील लोकांच्या डोळ्यांत बसले ते त्या काळी.

१९५१ ते १९६०

या दशकात अंबरनाथला आयुध निर्माणी, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘ऑर्डनन्स’, आणि मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना कामाला लागले. कल्याण हे नाशिक आणि पुणे या दोन्ही मार्गांचे जंक्शन असल्याने देवळाली आणि अहमदनगर या लष्करी ठाण्यांकडे जाणारी वाहने सपाट वाघिणींवर बांधलेली दिसणे येथे नवलाचे नव्हते. खेळण्यांत मात्र पत्र्याची चावीची मोटार आणि लाकडी आगगाडी यांपलीकडे काही नव्हते. किल्ल्यावर अजून मावळेच होते.

१९६१ ते १९७०

संस्थेच्या दृष्टीने हे दशक पायाभरणीचे ठरले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन ठाण्याची वागळे इस्टेट त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक झाली, आणि पाठोपाठ डोंबिवलीलाही औद्योगिक वसाहत आली. फिटर, टर्नर, साचे करणारे, वेल्डर आणि ड्राफ्ट्समन यांची कुटुंबे चाळींतून आणि वाड्यांतून राहू लागली. कानस कशी धरावी, दोन भागांतला सांधा दिसू नये म्हणून काय करावे, रंगाआधी पृष्ठभाग घासून कसा घ्यावा, हे ज्यांना दिवसभराच्या कामातून ठाऊक होते, त्यांनी संध्याकाळी मुलांच्या किल्ल्याला हात लावला. या छंदातील हातसफाईचे श्रेय या कामगारवर्गाला प्रथम द्यावे लागते.

त्याच सुमारास जपानमधील शिझुओका शहरी या कलेच्या जागतिक इतिहासाला वळण मिळत होते. १९४६ साली लाकडाच्या वखारीपासून आरंभ केलेल्या तामिया कंपनीने १९६१–६२ मध्ये जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचा प्लास्टिक संच काढला. ‘संच’ म्हणजे सुटे भाग एका चौकटीला जोडलेल्या स्थितीत खोक्यात मिळतात आणि ते कापून, घासून, चिकटवून प्रतिकृती उभी करावयाची असते. या रणगाड्यात विजेची छोटी मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात म्हणून त्याचा आकार ठरवला गेला. नंतर मोजून पाहिले तेव्हा मूळ रणगाड्याशी त्याचे प्रमाण साधारण पस्तिसास एक भरले. बॅटरीच्या मापातून निघालेले १:३५ हे प्रमाण पुढे जगभर लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींसाठी रूढ झाले. हा संच आरेखणारे आणि पुढे कंपनीची धुरा वाहणारे शुन्साकू तामिया यांचे निधनही २०२५ च्या जुलैमध्येच झाले.

सप्टेंबर १९६५ च्या युद्धाने रणगाडा हा शब्द मराठी घराघरांत पोहोचवला. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे भारतीय सापळ्यात सापडले. कालव्यांचे पाणी सोडून शेते दलदलीची केलेली होती, उभ्या उसात आपले रणगाडे आणि तोफा दबा धरून होत्या, आणि भारतीय नोंदींनुसार शत्रूचे ९७ रणगाडे तेथे नष्ट झाले किंवा हाती लागले. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने पॅटन फोडणारे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तिकडे सियालकोट आघाडीवर फिलोरा आणि चाविंडाच्या लढायांत पूना हॉर्स या रेजिमेंटचे नेतृत्व करताना लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबरला हुतात्मा झाले. मुंबईत जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या तारापोरांनाही परमवीरचक्र मिळाले. त्यांची रेजिमेंट तर १८१७ साली पुण्यातच उभी राहिलेली होती.

या युद्धानंतर बाजारात आलेले खाकी-हिरवे प्लास्टिकचे सैनिक आणि ओबडधोबड रणगाडे किल्ल्यावर चढले. तटावर भालाईत मावळे आणि पायथ्याच्या वाटेवर रणगाडा, अशी ही मांडणी कालक्रमाच्या दृष्टीने चुकीची म्हणून किल्ले-स्पर्धांच्या अनेक परीक्षकांनी तिचे गुण कापले. तथापि संस्थेच्या इतिहासाकडे आज पाहता तो निकाल थोडा कठोर वाटतो. मुलांनी जुने रक्षण आणि नवे रक्षण एका जमिनीवर उभे केले होते, आणि वाहनाला स्वतःची जमीन लागते हा या कलेतील मुख्य धडा त्यांनी नकळत गिरवला होता. जपान आणि युरोपात आधी वाहन तयार झाले आणि त्याच्याखाली जमीन मागाहून आली. ठाणे–डोंबिवलीत जमीन आधीपासून तयार होती आणि वाहन मागाहून येऊन तिच्यावर उभे राहिले.

१९७१ ते १९८०

डिसेंबर १९७१ च्या युद्धाने देखाव्यांना दोन अगदी भिन्न भूमी दिल्या. राजस्थानात लोंगेवाला येथे ५ डिसेंबरला वाळूत अडकलेले शत्रूचे रणगाडे भारतीय हंटर विमानांनी टिपले. पश्चिम आघाडीवर शकरगडच्या भागात बसंतर नदीकाठी १६ डिसेंबरला सुरुंगांच्या पट्ट्यातून पुढे गेलेल्या पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी ‘फामागुस्टा’ नावाच्या आपल्या सेंच्युरियन रणगाड्यातून अखेरपर्यंत लढून वयाच्या एकविसाव्या वर्षी प्राण दिले. तो रणगाडा पुढे दुरुस्त करून अहमदनगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला, आणि प्रतिकृती करणाऱ्यांना एक खरा, मोजता येण्याजोगा आधार मिळाला.

१९७४ साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने किल्ले-बांधणीला नवा उत्साह आला आणि ‘आपल्या मनातला किल्ला’ बांधण्याऐवजी रायगड, प्रतापगड किंवा राजगड नकाशावरून बांधण्याकडे कल झुकला. येथूनच प्रमाणाचा प्रश्न उभा राहिला. प्रमाण म्हणजे मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांच्या मापांतील गुणोत्तर. १:३५ या प्रमाणात पावणेसहा फुटी सैनिक पाच सेंटिमीटरचा होतो, विलीज जीप साडेनऊ सेंटिमीटरची, आणि तोफेच्या नळीसह सेंच्युरियन रणगाडा सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटरचा. मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड त्याच प्रमाणात करावयाचा तर तेवीस मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढा होईल. किल्ल्यावरील महाराजांची मूर्ती महादरवाजाहून मोठी असते तिचे कारण हेच आहे. तेथे माप महत्त्वावरून ठरते, आणि जुन्या लघुचित्रांतही राजा इतरांहून मोठा दाखवण्याची रीत आहे.

यावर जे उत्तर हळूहळू निघाले ते आजही या कलेचा कणा आहे : संपूर्ण डोंगर दाखवावयाचा नाही, त्याचा एक तुकडा निवडावयाचा. एक बुरूज, तटाची पाच हात लांबी, दरवाजापुढचे वळण. किंवा बांध फुटलेल्या उसाच्या शेताची फूटभर जागा आणि तीत रुतलेला एकच पॅटन.

१९८१ ते १९९०

ठाणे महानगरपालिका १९८२ च्या ऑक्टोबरात आणि कल्याण महानगरपालिका १९८३ च्या ऑक्टोबरात अस्तित्वात आली. वाडे आणि बैठ्या चाळी पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, अंगण गेले, आणि किल्ला जिन्याखाली, गच्चीत किंवा दोन इमारतींमधल्या चार फुटी पट्टीत आला. जागा आकसल्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला, की लहान जागेत नेमके काम करण्याची सवय लागली.

मोठ्या देखाव्यांची धुरा या काळात सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांनी उचलली. जुन्या पंख्याची किंवा शिवणयंत्राची मोटर, सायकलची चेन आणि लाकडी चकत्या यांवर चालणारे हलते देखावे, रंगवलेल्या लाकडाच्या भुशाची हिरवळ, काथ्याचे गवत आणि थर्मोकोल कापून काढलेले कडे, हे सारे मंडळांच्या कार्यकर्त्यांनी रात्री जागून केले. बाहेरच्या जगात या वेळेपर्यंत अमेरिकेचे शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडन यांनी देखाव्याला कथा आणि वाहनाला वय देण्याची पद्धत रूढ केली होती. पेन यांचे मांडणीविषयीचे तत्त्व थोडक्यात असे की, पाहणाऱ्याची नजर प्रथम कोठे जावी हे करणाऱ्याने आधी ठरवावे. येथील मंडळांना हे तत्त्व कोणी सांगितले नव्हते, तरी गणपतीकडेच नजर जावी अशी रचना ते वर्षानुवर्षे करीत आले होते.

१९९१ ते २०००

१९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले आणि मुंबईच्या दुकानांत परदेशी संच थोडेफार दिसू लागले. आधी आखातातून किंवा जहाजावरून परतणाऱ्या नातेवाईकाने आणलेला एखादा संच कपाटात वर्षानुवर्षे न उघडता जपला जाई, कारण तो बिघडला तर दुसरा मिळणार नव्हता. भीती गेल्यावरच हात सुटतो. म्हणून संचकाम येथे खऱ्या अर्थाने या दशकात सुरू झाले असे मानणे योग्य होईल.

फेब्रुवारी १९९४ मध्ये अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कॅव्हलरी टँक म्युझियम उघडले. पहिल्या महायुद्धकालीन रोल्स रॉइस चिलखती मोटारीपासून भारतीय विजयंता रणगाड्यापर्यंत आणि हस्तगत केलेल्या पॅटनपर्यंत सुमारे पन्नास वाहने तेथे उघड्यावर उभी आहेत. कल्याणहून माळशेज घाटाच्या वाटेने एका दिवसात जाऊन येता येते. प्रतिकृती करणाऱ्यांच्या दृष्टीने या संग्रहाचे मोल वाहनांच्या दुर्मीळतेइतकेच त्यांच्या स्थितीत आहे : ऊनपावसाने उडालेला रंग, बिजागरीखाली ओघळलेला गंज, रणगाड्याच्या ओतीव बुरुजाचा खरखरीत पोत आणि पट्ट्याच्या कड्यांची एका बाजूने झालेली झीज तेथे बोट लावण्याच्या अंतरावर दिसते.

२६ जुलै १९९९ रोजी कारगिलचे युद्ध संपले आणि त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात गल्लोगल्ली कारगिलची शिखरे उभी राहिली. थर्मोकोलचा बर्फ, कागदाच्या लगद्याचे खडक आणि आकाशाकडे नळी रोखलेली बोफोर्स तोफ यांची ती वर्षे होती. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्राही याच वर्षी सुरू झाली. तिच्या चित्ररथांमुळे देखावा प्रथमच चालत्या वाहनावर चढला, आणि ट्रकच्या धक्क्यांनी बुरूज हलू नये म्हणून त्याला आतून कसे बांधावे, हे नवे ज्ञान कार्यकर्त्यांनी मिळवले.

२००१ ते २०१०

हे दशक ‘वेदरिंग’चे होते. या शब्दाचा अर्थ प्रतिकृतीला ऊन, पाऊस, धूळ, गंज, तेल आणि वापर यांच्या खुणा देणे, म्हणजे तिला वय देणे. कारखान्यातून आल्यासारखा दिसणारा रणगाडा खेळणे वाटतो. झिजलेला रणगाडा कोठून तरी आलेला वाटतो. या कामाचे मुख्य प्रकार तीन आहेत. पातळ केलेला काळपट तपकिरी रंग खाचांत सोडतात, त्याला ‘वॉश’ म्हणतात. कुंचला जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून हलकेच फिरवतात आणि कडा उजळ करतात, ते ‘ड्रायब्रश’. कोरडी रंगपूड चोळून धूळ आणि चिखल दाखवतात, ती ‘पिगमेंट’. लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला या तिन्हींचे नमुने फुकट पाहावयास मिळतात : ब्रेकच्या धुळीने तांबूस झालेली रुळांमधली खडी, मालडब्यांच्या खालच्या कडेचे ओघळ आणि चढण्याच्या जागी हातांनी घासून चकचकीत झालेला दांडा.

टवके उडालेला रंग दाखवण्याची मिठाची युक्ती येथे विशेष लोकप्रिय झाली, कारण तिला लागणारे साहित्य स्वयंपाकघरात असते. आधी प्रतिकृतीला गंजाचा गडद तपकिरी रंग देऊन तो पुरता वाळू देतात. मग जेथे सैनिकांचे बूट आणि हात लागतात, म्हणजे चालकाच्या झाकणाभोवती, चिखलरोधकांच्या कडांवर, चढण्याच्या कोपऱ्यावर, तेवढ्याच जागी ओला कुंचला फिरवून जाड्या मिठाचे कण टेकवतात. पाणी सुकले की कण चिकटून बसतात. त्यावर लष्करी हिरवा रंग फवारतात, आणि तो वाळल्यावर जुन्या दातघासणीने हलकेच घासले की मीठ सुटते आणि त्याच्या जागी वेड्यावाकड्या कडांचे गंजलेले टवके उघडे पडतात. मीठ सरसकट भुरभुरवले तर रणगाडा नायटा झाल्यासारखा दिसतो. कण कोठे टाकावयाचे नाहीत हे ठरवण्यातच सारे कसब आहे.

फवारणीच्या कामात येथील हवामानाने स्वतःचे नियम घातले. भर पावसाळ्यात हवेतील ओलाव्यामुळे लॅकर रंग वाळताना त्यावर पांढुरका थर येतो, ज्याला गाड्यांचे रंगारी ‘रंग पांढरा मारतो’ म्हणतात. म्हणून जोडकाम पावसात आणि रंगकाम दसऱ्यानंतर, अशी शेतीसारखी वार्षिक विभागणी ठरून गेली. मातीविषयीचा विवेकही या काळात आला. नर्सरीतील लाल माती मलमलीतून गाळून प्रत्येक रणगाड्याला लावण्याची प्रथा होती. पण असल उत्तरची भूमी गाळाची, राखाडी-तपकिरी आणि ओली होती, तर लोंगेवालाची फिकट, कोरडी आणि रंगच विटवून टाकणारी. कोकणच्या लाल मातीने माखलेला पॅटन कितीही सुबक असला तरी तो खेमकरणला पोहोचलेला नाही. काहींनी खाडीचा गाळ वापरून पाहिला, आणि तो गोड्या पाण्यात दोन-तीनदा निवळून घेतला नाही तर सुकल्यावर मिठाची पांढरी बुरशी धरते हे अनुभवाने शिकले. चिखल पट्ट्यांत कसा भरतो हेही ठरलेले असते : ओला चिखल चाकांच्या आतल्या बाजूस साठतो आणि गडद दिसतो, वाळलेला वरच्या बाजूस फिकट होऊन पोपडे धरतो. एकाच चिखलाच्या दोन छटा दाखवल्या की रणगाडा नुकताच थांबला आहे की कालपासून रुतला आहे, हे न सांगता कळते.

२०११ ते २०२०

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्मोकोलवर बंदी आली आणि चाळीस वर्षांच्या सवयीचे साहित्य एकाएकी गेले. पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रे, कागदाचा लगदा, बांबू आणि गोणपाट यांकडे मंडळे वळली, आणि ज्या आजी-आजोबांना जुना किल्ला बांधता येत होता त्यांना पुन्हा विचारणा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेले; प्रमाणबद्ध प्रतिकृतींचे संच त्याच वर्गात मोडत असल्याने ते महागले. त्यामुळे प्लास्टिकचा पत्रा, पुठ्ठा आणि तार यांपासून मुळातूनच वाहन घडवण्याच्या कामाला चालना मिळाली. शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप ही जबलपूरच्या कारखान्यांतील भारतीय सेनेची वाहने खोक्यात सहसा मिळतच नाहीत. ती या मार्गानेच होऊ शकतात.

त्याच वर्षीच्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या अनेकांनी कपाटातले न उघडलेले संच बाहेर काढले.

२०२१ पासून आजपर्यंत

२०२१ मध्ये १९७१ च्या विजयाची पन्नास वर्षे झाली, २०२४ मध्ये शिवराज्याभिषेकाची साडेतीनशे, आणि २०२५ मध्ये १९६५ च्या युद्धाची साठ. २०२३ मध्ये खेळण्यांवरील शुल्क ७० टक्के झाले असले तरी काम थांबले नाही. घरगुती त्रिमितीय मुद्रकावर पट्ट्यांची कडी आणि तोफांचे भाग छापून घेणारी तरुण मंडळी आता या संस्थेत आहेत, आणि त्यांना कानस कशी धरावी हे अजूनही निवृत्त फिटरांकडूनच शिकावे लागते, कारण मुद्रकातून निघालेल्या भागावरील थरांच्या रेषा कोणी तरी हातानेच घासाव्या लागतात. नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही वेगवान नौका कल्याणच्या दुर्गाडीजवळच्या खाडीत आणण्यात आल्याने, मराठी आरमाराचा आरंभ झाला त्याच पाण्याकाठी आधुनिक युद्धनौकेचे रूप न्याहाळण्याची सोय झाली आहे.

वर्षाचा क्रम आज साधारणपणे असा असतो. ज्येष्ठ–आषाढात जोडकाम, भाद्रपदात मंडळाचा देखावा, आश्विनात फवारणी, आणि सहामाही परीक्षा संपताच किल्ला. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड आणि ठाण्याचा तलावपाळीचा परिसर तरुणांनी फुलून जातो, आणि तेथून परतताना सोसायट्यांच्या फाटकाशी थांबून किल्ले पाहण्याची रीत अजून आहे. ज्या मुलांनी किल्ला केला ती दोरीच्या आत उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला महादरवाजा कोणता, चोरवाट कोणती, हे सांगतात. अनेक ठिकाणी बाजूच्या टेबलावर काचेखाली थोरांनी केलेला एखादा देखावाही असतो, आणि त्याखालच्या पुठ्ठ्यावर ‘असल उत्तर, सप्टेंबर १९६५, प्रमाण १:३५’ एवढेच लिहिलेले असते.

तुळशीचे लग्न लागले की किल्ला उतरवतात. मावळे धुऊन, कागदात गुंडाळून बुटांच्या खोक्यात जातात, विटा जिन्याखाली रचल्या जातात, वाळलेले गोणपाट झटकून पुढच्या वर्षासाठी दोरीवर टाकतात, आणि अळिवाच्या मुळ्यांसकट माती तुळशीच्या कुंडीत परत घालतात.